बत्तिसावा घेवडा

बॉस्टनजवळच्या वेदरबी गावात इंग्लंडच्या राजाविरुद्ध कोणीही नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गाव राजाच्या मंत्र्यांविरुद्ध होतं, त्याच्या पार्लमेंटविरुद्ध होतं, त्याने पाठवलेल्या गव्हर्नरविरुद्ध, न्यायाधीशांविरुद्ध, जकातदारांविरुद्ध आणि बॉस्टनमध्ये आणून बसवलेल्या लाल डगलेवाल्या शिपायांविरुद्ध होतं. राजाबद्दल मात्र कोणाची काही तक्रार नव्हती. रविवारी प्रार्थनाघरात त्याला दीर्घायुष्य मागितलं जायचं, सोमवारी हिरवळीवर त्याच्या कायद्याची प्रत जाळली जायची, आणि दोन्हीकडे हजेरी सारखीच असायची.

एनॉस टार्बेल दोन्हीकडे पुढच्या रांगेत असायचा. त्याचा धंदा पिंपं बांधण्याचा. बॉस्टनच्या व्यापाऱ्यांना खारवलेल्या माशांसाठी, पिठासाठी, रमसाठी पिंपं लागत आणि एनॉसचं पिंप कधी गळत नसे. इंग्लंडचा चहा समुद्रात फेकल्याच्या भानगडीची शिक्षा म्हणून सरकारने बॉस्टनचं बंदर बंद केलं, तेव्हापासून पिंपं जागच्या जागी राहिली. आधी कारखाना भरला, मग गोठा, मग माडीचा जिना. तरी एनॉसला त्याचं फारसं काही वाटलं नाही. पिंपं हे त्याचं पोट होतं. त्याचा जीव होता कॅप्टनकीत.

सोळा वर्षं तो गावच्या पलटणीचा कॅप्टन होता. वर्षातून चार वेळा गावातले सगळे धडधाकट पुरुष आपापल्या बंदुका घेऊन हिरवळीवर जमत. एनॉस त्यांना उजवीकडे वळायला सांगे, निम्मे डावीकडे वळत, आणि मग एकमेकांच्या तोंडाकडे बघत सगळे उभे राहत. कवायत संपली की कॅप्टनने रम पाजायची रीत होती. ती मात्र सगळे एका दमात, एका तालात पार पाडत.

त्याच्या बायकोचं नाव सबमिट. सबमिट म्हणजे 'शरण जा'. मुलींना सद्गुणांची नावं ठेवायची त्या मुलखात पद्धत होती, आणि सद्गुण बहुधा नावातच राहून जात. ही बाई आजवर कोणाला शरण गेल्याचं गावाच्या ऐकिवात नव्हतं. नवऱ्याला ती घरातसुद्धा 'कॅप्टन' म्हणायची. "कॅप्टन, पाय पुसून आत या." "कॅप्टन, डुकरं सुटलीत." त्याचं खरं नाव शेवटचं तिच्या तोंडून निघालं ते लग्नात, तेही पाद्रीने म्हणायला लावलं म्हणून. कॅप्टनकीचा तिलाही फायदा होता. प्रार्थनाघरात कोणी कुठल्या बाकावर बसायचं हे गावची समिती ठरवायची, वय आणि हुद्दा पाहून. कॅप्टनची बायको म्हणून सबमिट दुसऱ्या बाकावर बसे. तिच्या पुढे फक्त पाद्रीची बायको आणि एक ठार बहिरी म्हातारी. म्हणजे प्रवचन ऐकणाऱ्यांत सबमिट तशी दुसरीच.

त्या वर्षी सप्टेंबरात डीकन आयझॅया होल्डन अंगण ओलांडून आला. डीकन म्हणजे प्रार्थनाघराचा कारभारी, एनॉसचा शेजारी आणि लहानपणापासूनचा दोस्त. जन्मात तो कधी खोटं बोललेला नव्हता, त्यामुळे दुसरे दोस्त त्याला उरले नव्हते. तो गावच्या समितीचा निरोप घेऊन आला होता. एनॉसच्या कॅप्टनकीचा कागद गव्हर्नरच्या सहीचा, राजाच्या नावाचा. असले कागद आता साऱ्या वसाहतीत परत दिले जात होते. एनॉसनेही द्यावा, चारचौघांत राजीनामा वाचून दाखवावा, म्हणजे पलटण आपला कॅप्टन आपणच निवडेल.

"मी राजीनामा दिला की तुम्ही निवडणार," एनॉस म्हणाला.

"हो."

"कोणाला?"

"ते निवडल्यावर कळेल," डीकन म्हणाला. "आधी कळलं तर तिला निवडणूक म्हणत नाहीत, नेमणूक म्हणतात. भांडण त्याचंच चाललंय."

एनॉसने हसून मान डोलवली. दुसऱ्या कोणाला निवडणार होते? गावात दुसरा कॅप्टन नव्हताच.

राजीनाम्याची रीत शेजारच्या गावांनी ठरवून ठेवली होती. पलटणीने दोन रांगा करायच्या आणि राजीनामा देणाऱ्याने डोक्यावरची टोपी काढून मधून चालत कागद वाचायचा. एनॉस पहिल्यांदा वाचत गेला तेव्हा शेवटच्या चौघांनी ऐकू आलं नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदा सुरुवातीच्या चौघांनी. तिसऱ्यांदा सगळ्यांना ऐकू आलं, पण शिंग वाजवणारा तेवढ्यात झाडामागे जाऊन आला होता. पाचव्या फेरीला एनॉसला मजकूर पाठ झाला होता आणि तो हातवारे करून म्हणत होता. आपण राजेसाहेबांचे परम एकनिष्ठ प्रजाजन असून त्यांचा कागद त्यांच्या तोंडावर परत करतो, अशा अर्थाचं ते वाक्य होतं. 'एकनिष्ठ'वर एकदा टाळ्या पडल्या, 'तोंडावर'वर दोनदा.

मग निवडणूक. आणि तिथे गिरणीवाला जोनास फिस्क उभा राहिला.

जोनास चौतिशीचा, उंच, खणखणीत आवाजाचा. एनॉसने त्याला कवायतीला चकमकीशिवाय बंदूक आणल्याबद्दल चार वेळा दंड केला होता. पण जोनासकडे बॉस्टनचं वर्तमानपत्र यायचं, आठवडाभर शिळं, आणि दळण चालू असताना तो ते जात्याच्या घरघरीवरून ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने वाचायचा. दळण कोणाला चुकलंय? गावातल्या प्रत्येक माणसाचं राजकीय शिक्षण असं पिठासोबत झालं होतं.

मतदान त्या मुलखाच्या जुन्या चालीप्रमाणे. प्रत्येकाला मक्याचा एक दाणा आणि घेवड्याची एक बी. टार्बेल हवा असेल तर डीकनच्या टोपीत मका टाकायचा, फिस्क हवा असेल तर घेवडा. मूठ मिटून हात टोपीत घालायचा, उरलेला दाणा खिशात टाकायचा, आणि कोणी काय टाकलं ते देवाला ठाऊक.

एनॉसची पाळी आली. एका मुठीत मका, दुसऱ्या मुठीत घेवडा. आणि टोपीपुढे उभा राहिल्यावर त्याच्या मनात आलं, की स्वतःला मत कसं द्यायचं? तीन रविवार पाद्री अहंकारावर बोलत होता, दर खेपेला दोन तास. देव बघत असताना स्वतःच्या नावाने मका टाकणं एनॉसला बाजारात उभं राहून स्वतःच्याच पिंपाला मिठी मारण्यासारखं वाटलं. कुठल्याही सभ्य माणसाने अशा वेळी समोरच्याला मत द्यावं. जोनासही तसंच करणार, म्हणजे फिटंफिट. आणि एका बीने काय होतंय? एनॉसने घेवडा टाकला. परत जागेवर येताना त्याला इतकं पवित्र वाटत होतं, की आपण किती नम्र आहोत हे कोणाला सांगता येत नाही याचंच तेवढं वाईट वाटलं.

जोनासने स्वतःलाच मत दिलं होतं. आपण लायक नाही असं वाटत असेल तर उभं कशाला राहायचं, असा त्याचा साधा हिशेब. पाद्रीच्या तिन्ही प्रवचनांना त्याला डुलकी लागली होती.

डीकनने टोपी ढोलावर उपडी केली आणि दोनदा मोजलं. मका एकतीस, घेवडा बत्तीस.

एनॉस घरी आला तेव्हा बातमी त्याच्या आधीच पोचली होती. सबमिटने त्याला खाली बसवलं, सफरचंदाच्या सायडरचा पेला भरून दिला आणि शांतपणे म्हणाली, "एका मताने. म्हणजे एकच माणूस शोधायचाय."

एनॉसने पेला तोंडाला लावला. त्याच वेळी सांगून टाकलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण त्याच वेळी सांगून टाकणारे लोक गोष्टीत येत नाहीत, ते घरी सुखाने झोपतात. त्याने पेला संपवून पुन्हा पुढे केला. त्या दिवसापासून सबमिटने त्याला हाक मारणं बंद केलं. रागाने नव्हे, काय म्हणावं तेच तिला कळेना. कॅप्टन तो आता नव्हता आणि दुसरं नाव तिच्या जिभेला माहीत नव्हतं. "कोणीतरी लाकडं आत आणली तर बरं होईल," असं ती चुलीकडे बघून म्हणायची, आणि कोणीतरी उठून लाकडं आणायचं.

पुढच्या रविवारी समितीने त्यांना दुसऱ्या बाकावरून सहाव्या बाकावर नेलं. तिथे समोर खांब होता. सबमिट दोन तास खांबाकडे बघत बसली आणि सोमवारपासून चौकशीला लागली.

चौकशी म्हणजे काय, तर कोणाकडे खमिराची वाटी मागायची, कोणाची चाळणी परत करायची, कोणाच्या बाळंतिणीला बघायला जायचं, आणि निघता निघता उंबऱ्यात उभं राहून घरधन्याला विचारायचं. सबमिट उंबऱ्यात उभी असताना घेवडा टाकला म्हणून सांगणारा पुरुष वेदरबीत जन्माला यायचा होता. पहिलं बर्फ पडेपर्यंत सत्तेचाळीस जणांनी तिला शपथेवर सांगितलं होतं की आपण मका टाकला. तिला हिशेब येत होता. टोपीत मका एकतीसच निघाला होता. म्हणजे कमीत कमी सोळा जण खोटारडे. पण ते निदान लाजून खोटं बोलले होते. एकटा डीकन होल्डन म्हणाला, "मत गुप्त असतं, सबमिटबाई. सांगणार नाही."

सबमिटच्या दृष्टीने तपास तिथे संपला.

त्याच सुमाराला सगळ्या वसाहतींनी मिळून ठरवलं होतं, की इंग्लंडचा माल घ्यायचा नाही, आपला द्यायचा नाही, त्यांचा वापरायचा नाही. सबमिटने ते कलम जसंच्या तसं उचललं आणि होल्डनच्या घराला लावलं. त्यांच्याकडून खमीर घ्यायचं नाही. त्यांना विस्तव द्यायचा नाही. त्यांच्या बाजूची वाट वापरायची नाही. डीकनची बायको मर्सी हीसुद्धा नावापुरतीच दयाळू होती. तिने विहिरीची दोरी आत घेतली. मग बायकांत दोन तट पडले, मका आणि घेवडा. टार्बेलच्या वळूला होल्डनच्या गायीकडे जायला मनाई झाली आणि त्या हिवाळ्यात दोन्ही जनावरांनी राजकारणापायी जे सोसलं ते कुठल्याही जाहीरनाम्यात आलेलं नाही. फेब्रुवारीपर्यंत असं झालं, की बॉस्टनमध्ये आणखी किती पलटणी उतरल्या हे गावात कोणी विचारत नव्हतं. अमक्याने काय टाकलं हे सगळे विचारत होते. मक्यावाल्यांनी उघड ठरवून टाकलं होतं, की मे महिन्यात पलटणीची नवी निवडणूक आहे, तेव्हा टार्बेलला परत कॅप्टन करायचा. आता त्याला हरवायची कोणाची छाती नव्हती. सबमिट सगळ्यांच्या दारी जाऊन आली होती.

म्हणजे एनॉसने मेपर्यंत तोंड मिटून बसायचं, एवढंच काम होतं. कॅप्टनकी आपल्या पायांनी चालत परत येत होती. अडचण एकच होती, ती म्हणजे डीकन.

एनॉस चोरून त्याच्या कोठारात जायचा, लाकडं फोडून द्यायचा. मार्चमध्ये एका दुपारी त्याने कुऱ्हाड ठेवली आणि म्हणाला, "आयझॅया, सांगून टाक ना तिला. मका टाकलास म्हणून सांग."

"कशावरून टाकला?"

"नाही टाकलास?"

"तुलाही सांगणार नाही," डीकन म्हणाला. "आज तुझ्या बायकोला घाबरून सांगितलं, तर उद्या गव्हर्नरने विचारल्यावर कुठल्या तोंडाने नाही म्हणू? तुझी बायको गव्हर्नरपेक्षा जबरी आहे, ते सोड."

"पण तुझी गाय..."

"गाय कळ काढील. तिला तत्त्व समजतं."

एनॉसच्या ओठावर आलं होतं. मग त्याला मे महिना दिसला, हिरवळ दिसली, 'कॅप्टन' अशी हाक ऐकू आली, आणि त्याने पुन्हा कुऱ्हाड उचलली. त्या दिवशी त्याने डीकनला जूनपर्यंत पुरतील एवढी लाकडं फोडून दिली.

मे यायच्या आधी एप्रिलची एकोणीस तारीख आली. सकाळी नऊच्या सुमाराला घोडेस्वार आला, घोडा फेसाळलेला. लाल डगलेवाले बॉस्टनहून निघालेत, दारूगोळा जप्त करायला, आणि लेक्सिंग्टन गावच्या हिरवळीवर माणसं मारलीत, एवढं सांगून तो पुढच्या गावाला गेला. घंटा वाजली. तासाभरात अठ्ठावन्न जण बंदुका घेऊन हिरवळीवर हजर. एवढ्या वेळेवर पलटण जमल्याचं एनॉसच्या सोळा वर्षांत घडलं नव्हतं. बायका पाव आणि चीज घेऊन आल्या. सबमिट टोपली घेऊन पुढेच उभी.

एनॉस मागच्या रांगेत उभा होता, साधा शिपाई म्हणून. कॅप्टन जोनास फिस्कने खणखणीत आवाजात चार शब्द सांगितले, ते छान होते. पण त्याला 'चला' म्हणता येईना. पलटणीने स्वतःचे नियम केले होते, आणि राजाच्या अनुभवाने शहाणं होऊन पहिलंच कलम असं घातलं होतं, की पलटणीच्या बहुमताशिवाय कॅप्टनने कूच करू नये. मेलेल्यांची बातमी अजून गरम होती आणि वेदरबीची पलटण मत द्यायला उभी राहिली.

त्यात लोहार सायलस ब्रूक्स, कट्टर मक्यावाला, पुढे आला. लढायला ना नाही, तो म्हणाला, पण कोणामागे जायचं ते आधी ठरू दे. निम्म्या पलटणीने माना डोलवल्या. राजाच्या गव्हर्नरला आम्ही नाही म्हटलं कारण त्याला आम्ही निवडलं नव्हतं. मग या जोनासला तरी कोणी निवडलं, असा सायलसचा सवाल होता.

जोनास दुखावला. "बत्तीस जणांनी निवडलं," तो म्हणाला.

"कुठले बत्तीस? आजवर एक भेटला नाही."

"मग भेटतील," जोनास म्हणाला आणि पलटणीकडे वळला. "ज्यांनी मला निवडलं त्यांनी हात वर करावेत."

अठ्ठावन्न जणांनी जोनासकडे पाहिलं नाही. त्यांनी सबमिटकडे पाहिलं. तिने टोपली जमिनीवर ठेवली होती आणि हात मोकळे केले होते.

एकच हात वर गेला. तो जोनासचा.

तो तसाच उभा राहिला. उंच माणूस, त्यात हात वर केलेला, त्यामुळे लपायला जागा नव्हती. हळूहळू त्याचा चेहरा उतरला. सात महिने तो कॅप्टन म्हणून मिरवला होता, नवी टोपी शिवून घेतली होती, आणि आता त्याच्या लक्षात येत होतं की आपल्याला कोणीही निवडलेलं नाही. मागे कोणीतरी म्हणालं, टार्बेललाच करा आत्ताच्या आत्ता, मेची वाट कशाला? दहाबारा जणांनी हो हो केलं. सायलसने वळून एनॉसला पुढे यायची खूण केली.

एनॉसला फक्त चालत पुढे जायचं होतं. वीसेक पावलं. तो निघालाही. आणि वाटेत त्याला डीकन दिसला, रांगेत ताठ उभा, एकटा, दोन्ही बाजूंना हातभर जागा सोडलेली, कारण हिवाळाभरात त्याच्या शेजारी उभं राहायची पुरुषांनाही सवय उरली नव्हती. तिकडे रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला माणसं मरत होती आणि इकडे हे गाव एका बीपायी उभं होतं. एनॉसचा उजवा खांदा पिंपांनी धरलेला, हात पुरता वर जात नसे. जेवढा गेला तेवढा त्याने केला.

"तुम्ही हात का वर केलात?" जोनासने विचारलं.

"मी तुला मत दिलं होतं," एनॉस म्हणाला. "तो बत्तिसावा घेवडा माझा."

सबमिटच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला, किटलीचं झाकण उचलताना निघतो तसा.

मग आणखी एक हात वर गेला, शिंग वाजवणाऱ्याचा. मग दोन. मग पटापट. खुद्द टार्बेलनेच घेवडा टाकला म्हटल्यावर भीती कोणाची? मोकळे झालेले चेहरे घेऊन माणसं हात वर करत होती, काही जण दोन्ही. जोनासने मोजले. बत्तीस घेवड्यांचे एकेचाळीस हात भरले. त्याने आक्षेप घेतला नाही.

डीकनचे हात बंदुकीवरच होते.

सबमिट नवऱ्याकडे बघत नव्हती. ती डीकनच्या त्या खाली राहिलेल्या हातांकडे बघत होती, बराच वेळ. मग तिने टोपली उचलली, त्यातला मोठा पाव काढला, चीजचा गोळा काढला, तिखट लोणच्याची बरणी काढली आणि रांगेत शिरून ते सगळं डीकनच्या झोळीत भरलं. ते एनॉसचं जेवण होतं. मर्सीने मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला. एनॉसकडे सबमिट वळलीच नाही.

कूचचा ठराव एकमताने पास झाला आणि वेदरबी उपाशी एनॉससकट लढाईला निघालं.

दोन मैलांवर जोनास रांगेत मागे राहत राहत एनॉसच्या शेजारी आला. हळूच म्हणाला, "तुम्ही मला का मत दिलंत? खरं सांगा."

"मला वाटलं तू येणार नाहीस निवडून."

जोनासने विचार केला. "मलाही तसंच वाटलं होतं," तो म्हणाला. आणखी शंभर पावलांनी त्याने विचारलं, "तिथे पोचल्यावर काय करायचं असतं?"

एनॉसलाही ते माहीत नव्हतं. सोळा वर्षांत त्याने कोणावर गोळी झाडली नव्हती. पण माहीत नसताना कसं उभं राहायचं ते त्याला माहीत होतं, आणि ते त्याने जोनासला वाटभर शिकवलं.

दुपारी तीनच्या सुमाराला ते मोठ्या रस्त्याला लागले. लाल डगलेवाले बॉस्टनकडे परत चालले होते, आणि साऱ्या मुलखातून आलेली गावं दोन्ही बाजूंच्या दगडी भिंतींमागून त्यांच्यावर गोळ्या झाडत होती. वेदरबी एका भिंतीमागे बसलं. "खाली वाका म्हण," एनॉस पुटपुटला. "खाली वाका!" जोनास खणखणीत ओरडला. "आधी भरून घ्या म्हण. घाई करू नका म्हण." जोनासने म्हटलं. तो आवाज गिरणीवर कमावलेला होता, बंदुकांवरूनही ऐकू गेला, आणि पलटण पहिल्यांदाच सांगितलं ते करत होती. लोहार सायलस ब्रूक्स मात्र नीट दिसेना म्हणून भिंतीवरून वर झाला, आणि त्याला गोळी लागली. एनॉसने त्याला धरून ठेवलं. फार वेळ धरावं लागलं नाही. कोणामागे जायचं हे आधी ठरू द्या म्हणणारा माणूस सगळ्यांच्या पुढे गेला. जोनास त्या वेळी काय करायचं म्हणून विचारायला वळला, तेव्हा एनॉस सायलसचे डोळे मिटत होता.

चौथ्या दिवशी बॉस्टनबाहेर केंब्रिजच्या चिखलात सबमिट आली. गावोगावच्या पलटणींनी बॉस्टनला वेढा घातला होता आणि हजारो माणसं परसाकडची जागासुद्धा मत घेऊन ठरवत होती. तिने गाडी भरून पाव, खारवलेलं मांस आणि घेवडा आणला होता, गावच्या सगळ्यांसाठी, होल्डनसाठी वेगळा. ती आधी सायलसला पुरलं होतं तिथे जाऊन आली. मग डीकनपाशी गेली. आता काही विचारायचं झालं तर ती त्यालाच विचारणार होती.

"भिंतीपाशी हुकूम कोणी दिले?"

"कॅप्टन फिस्कने," डीकन म्हणाला. "एनॉसने सांगितले ते."

तेव्हा ती नवऱ्याकडे आली. तो उलट्या पिंपावर बसून बूट वाळवत होता. ती समोर उभी राहिली, आणि सात महिन्यांत पहिल्यांदा चुलीकडे किंवा खांबाकडे न बघता बोलली. "आज दुपारी पुन्हा निवडणूक आहे म्हणे."

"आठ महिन्यांसाठी फौजेत नावं घालतायत. सगळे अधिकारी नव्याने निवडायचे."

"आणि तुम्ही?"

"जोनासलाच देणार."

"पुन्हा?"

"तेव्हा मोठेपणा मिरवायला दिलं होतं," एनॉस म्हणाला. "आता तो विचारतो म्हणून. मी सोळा वर्षांत कोणाला काही विचारलं नाही. राजाने तर कोणालाच नाही."

राजाला त्याने असं चारचौघांत पहिल्यांदाच नाव ठेवलं होतं. आजूबाजूच्या दोघांनी चमकून पाहिलं आणि मग हातातलं काम पुढे चालू केलं. सबमिटने आकाश कोसळतंय का ते पाहिलं. कोसळलं नाही.

"म्हणजे कॅप्टन काही तुम्ही होत नाही आता," ती म्हणाली. "मग घरी आल्यावर मी तुम्हाला म्हणू काय?"

"एनॉस म्हण."

तिच्या गालावर तांबूस छटा चढली, पन्नाशीच्या बाईला शोभणार नाही अशी. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पदरासारखी शालीची कड ओठांपाशी नेली आणि अगदी हलक्या आवाजात, दुसऱ्याची वस्तू उचलून बघावी तसं, ते नाव एकदा म्हणून पाहिलं.

डीकन घाईघाईने गाडीच्या बैलांकडे गेला आणि त्यांचे खूर तपासू लागला.